करीम स्पीकरवाल्याची हुडहुडी

करीम शेख असं नाव सांगितलं तर सोलापूरच्या शास्त्रीनगरातला माणूस विचारात पडायचा. करीम स्पीकरवाला म्हटलं की मात्र कुणीही घरापर्यंत आणून सोडायचं. लग्न असो, उरूस असो, नगरसेवकाची निवडणूक असो, कर्णे करीमचे आणि आवाजही करीमचा. गड्ड्याच्या जत्रेत हरवलेल्या पोरांच्या आयांना बोलावणारा तोच. मोहल्ल्यात कुणी वारलं की मशिदीच्या माईकवरून मय्यतीची वेळ सांगणाराही तोच. आवाज असा भारदस्त की ऐकणाऱ्याला वाटावं, बोलणारा सहा फुटी, रुंद छातीचा गडी असणार. प्रत्यक्षात करीम म्हणजे पाप्याचं पितर होता, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. "अल्लानं माल सगळा गळ्यात भरला," तो म्हणायचा. "बाकी ठिकाणी नुसतं पॅकिंग."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कर्णे माळ्यावर गेले होते. रमजान ईद घरातल्या घरात झाली, आणि ईदनंतर महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून निरोप आला. लसीकरणाला लोक येईनात, तेव्हा रिक्षातून पुकारा करायचा होता. रिक्षा राजशेखरची ठरली. राजशेखर हा करीमचा निवडणुकांपासूनचा सोबती, गोल चेहऱ्याचा, मोजकं बोलणारा. टपावर दोन कर्णे बांधले, करीम मागच्या सीटवर माईक घेऊन बसला.

केंद्रातून मजकुराचा कागद मिळाला होता. ‘नागरिकांनी कोणत्याही अफवांना बळी न पडता नजीकच्या लसीकरण केंद्राशी संपर्क साधावा.’ करीमनं तो दोन गल्ल्यांत वाचला. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. मग त्यानं कागद खिशात घातला आणि स्वतःच्या मनानं सुरू केलं.

"भाऊ-बहिणींनो, लस घ्या. काही म्हणजे काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस्स. मुंगीला घाबरता का तुम्ही?"

हे लोकांना आवडलं. खिडक्या उघडल्या, पोरं रिक्षामागं मुंगी-मुंगी करत पळायला लागली. करीमला आपल्या मुंगीचा फार अभिमान वाटू लागला.

अडचण एवढीच होती की ती मुंगी करीमला स्वतःला अजून चावलेली नव्हती. करीम मुंगीला घाबरत नव्हता. सुईला घाबरत होता. एकदा रक्त तपासायला गेला असताना लॅबवाल्यानं सुई बाहेर काढली, तसा "गाडी नीट लावून येतो" म्हणून तो जो बाहेर पडला, तो महिनाभर त्या रस्त्यानं गेला नाही. त्याच्याकडे गाडी नव्हतीच. मुलगी समरा लहान असताना तिला डोस द्यायला अनिसा एकटी आत जायची आणि करीम दवाखान्याबाहेर उभा राहून घाम पुसायचा. पंचेचाळिशीपुढच्यांना लस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, करीम पन्नाशी ओलांडलेला, आणि रोज त्याच केंद्राच्या दारातून त्याची रिक्षा निघत होती. रोज तो मनाशी म्हणे, आज काम फार आहे, उद्या बघू.

त्याला पकडलं बजाबाईनं. बजाबाई मूळची वळसंगची. लेकाकडे शहरात राहायला आली आणि बसून खायचं नको म्हणून गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी लावू लागली. तिच्याकडची मेथी घेतली नाही तरी चालायचं, पण तिचं मत घेतल्याशिवाय गल्लीत कुणी पोरीचं स्थळसुद्धा ठरवत नसे. त्या दिवशी तिनं हात आडवा करून रिक्षा थांबवली.

"करीमभाई, रोज वरडताय. तुमी घेतली का सुई?"

"घेतली की, मावशी," करीम म्हणाला. माईक हातात चालूच होता, त्यामुळे हे उत्तर गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

"कोनत्या हाताला?"

"उजव्या," करीम म्हणाला, आणि त्याच क्षणी मित्राच्या मदतीला धावून राजशेखर म्हणाला, "डाव्या."

बजाबाईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "दोगांनी मिळून येकच घेतली जनू," ती म्हणाली.

दारादारातून हसू फुटलं. करीमही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बजाबाई मात्र हसली नाही. कोथिंबिरीवर पाणी मारत म्हणाली, "हे बगा, मला लई भ्या वाटतंय. खोटं कशाला बोलू. तुमी आदी घ्या. तुमाला काय न्हाय झालं, तर मी घेते. आन् मी घेतली म्हंजी ही गल्ली घेतीया."

घरी गेल्यावर करीमनं अनिसाला हकीकत सांगितली. घरात दोघं दखनीत बोलायचे. इथं ते मराठीत सांगितलं आहे. बायको आपल्याला थांबवेल, निदान म्हणेल की तुमची तब्येत नाजूक, असली घाई नको, अशी त्याला आशा होती. अनिसा म्हणाली, "मी कधीची म्हणतेय. उद्या सकाळीच जाऊ दोघं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. बजाबाई गाडी सुनेवर सोपवून मागोमाग आली. "साक्षीला कोनतरी पायजे की," ती म्हणाली.

केंद्रात लस देणाऱ्या रेश्मा सिस्टर सांगोल्याच्या. करीमला बघून म्हणाल्या, "या या. आवाज रोज ऐकते, आज माणूस आला." करीमनं बाही वर केली. दंड इतका बारीक होता की सिस्टरांनी क्षणभर जागा शोधली. त्यानं डोळे घट्ट मिटले, दात आवळले आणि अनिसाचा हात धरला. त्याला वाटलं तो खुर्चीचा दांडा आहे, म्हणून त्यानं जोर लावला.

"सिस्टर, सांगून टोचा हं," तो म्हणाला. "एकदम नको."

"झालं."

"काय झालं?"

"लस झाली. उठा."

करीमनं डोळे उघडले. दंडावर कापूस होता. त्याला ते खरंच वाटेना. "टोचली का नक्की?" त्यानं विचारलं. अनिसा आपली बोटं चोळत म्हणाली, "तुम्हाला नसेल टोचली. मला टोचली."

त्या खुर्चीवरून जो करीम उठला तो वेगळाच होता. लसीनंतर अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसायचं असतं. तेवढ्यात त्यानं बाकावरच्या सगळ्यांना आपला अनुभव सांगितला, वाट बघणाऱ्यांना धीर दिला, एका पैलवानासारख्या माणसाला "अहो, भीती कसली त्यात" म्हणून पाठीवर थोपटलं. अनिसाला लस देऊन झाल्यावर रेश्मा सिस्टर बाहेर आल्या आणि दोघांना समजावून सांगू लागल्या. "संध्याकाळकडे ताप येऊ शकतो. थंडी वाजेल, अंग मोडून येईल, डोकं दुखेल, दंड जड पडेल. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण झालं तर घाबरायचं नाही. आज आराम करा, पाणी भरपूर प्या, ताप आला तर ही गोळी घ्या. एक-दोन दिवसांत उतरतो. उतरला नाही, नाहीतर धाप लागली, छातीत दुखलं, तर मात्र थांबू नका, लगेच इकडं या."

अनिसानं सगळं ऐकलं, गोळी जेवल्यावर घ्यायची का तेही विचारलं. करीम मान हलवत होता, पण त्याचं लक्ष बाकावरच्या एका बाईकडं होतं, ती शेजारणीला म्हणत होती, "हेच ते मुंगीवाले." आयुष्यभर लोकांना ऐकवण्यात गेलेला माणूस, ऐकायची त्याला सवयच नव्हती.

बजाबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "आता तर बरं दिसतंय. सांजच्याला बगू."

आराम करायचा सोडून करीम दुपारीच रिक्षात जाऊन बसला. असा पुकारा त्यानं आयुष्यात केला नसेल. "भाऊ-बहिणींनो, हा करीम बोलतोय. आज सकाळी मी स्वतः लस घेतली आहे. सकाळ गेली, दुपार गेली. बघा माझ्याकडं. मला काही म्हणजे काही झालेलं नाही." बघा म्हटल्यावर लोक बघायला दाराशी येत, आणि करीम रिक्षातून दंड बाहेर काढून दाखवी.

ऊन कललं तरी रस्ता तव्यासारखा तापलेला होता. कुठल्याशा वळणावर करीमला वाटलं, रिक्षात गार वारा येतोय. त्यानं राजशेखरला विचारलं, "पाऊस आला का रे कुठं?" राजशेखरनं मानेवरचा घाम पुसला आणि आरशातून त्याच्याकडं नुसतं बघितलं. थोड्या वेळानं करीमनं पाय सीटवर घेतले. मग गळ्यातला रुमाल डोक्याला गुंडाळला. गल्लीत शिरताना त्यानं माईक तोंडाशी धरला, तर माईक दातांवर आपटायला लागला, आणि दोन्ही कर्ण्यांतून टकटक टकटक असा आवाज निघाला.

"भाऊ-ब-ब-बहिणींनो," करीम म्हणाला. "क-क-काही म्हणजे क-क-काही होत न-न-नाही. मुं-मुं-मुं..."

मुंगी काही बाहेर येईना. पोरं पोट धरून हसायला लागली. त्यांना वाटलं नवीन नक्कल आहे. करीमला मात्र आता पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत हुडहुडी भरली होती. हाडं कुणीतरी आतून पिरगाळतंय असं वाटत होतं. त्यानं माईक मांडीवर टाकला. टाकला, पण बंद केला नाही.

"राजशेखर," तो म्हणाला, "मला घरी ने रे. मी काय आता वाचत नाही."

मौलाली चौकाच्या बाजूपर्यंत हे स्पष्ट ऐकू गेलं.

"काय होतंय?" राजशेखरनं विचारलं.

"हातपाय गार पडलेत. जीव चाललाय बघ. अनिसाला सांग, मला माफ कर म्हणून. त्या सुईनंच घात केला."

राजशेखरला आपल्याच रिक्षाच्या टपावरून हे ऐकू आलं, तेव्हा त्यानं मागं हात घालून वायर उपटली. पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. बजाबाईच्या हातातलं तागडं तसंच लोंबकळत राहिलं.

घरी आणून त्याला पलंगावर घातलं. सोलापुरात त्या दिवसांत माणसं गच्चीवर ओली चादर अंगावर घेऊन झोपतात. करीम बंद खोलीत लग्नात मिळालेली जाड सोलापुरी चादर, तिच्यावर रजई आणि तिच्यावर समराचा जुना स्वेटर घेऊन कुडकुडत पडला. अनिसानं थर्मामीटर लावला. ताप होता, पण ती बिचकली नाही. थोडी खिचडी खाऊ घातली, गोळी दिली आणि मोठा तांब्या भरून उशाशी ठेवला.

"समराला पुण्याहून बोलावून घे," करीम रजईतून म्हणाला.

"आणि ती येऊन काय करेल? चादरीचं दुसरं टोक धरेल?"

"कर्णे तिच्या नवऱ्याला नको देऊ. त्याला कदर नाही."

"बरं."

"राजशेखरला दे."

"बरं. पाणी प्या."

करीम पाणी प्यायला. मग आईची आठवण काढून थोडा रडला. पन्नाशीच्या पुढचा माणूस "अम्मा, अम्मा" करतोय हे त्याचं त्यालाच विचित्र वाटलं, पण थांबता येईना. रजईच्या फटीतून त्यानं बघितलं, तर अनिसा एका हातानं कणीक तिंबत होती. डावा हात पोटाशी धरलेला.

"तुला काहीच होत नाही?" त्यानं विचारलं.

"दंड ठणकतोय. डोकंही जड आहे."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगायला जागा कुठं ठेवलीत तुम्ही?"

गोळीनं अंमल धरला तसा करीमला घाम सुटला. स्वेटर गेला, रजई गेली, शेवटी चादरही गेली. सकाळी तो उठला तेव्हा ताप उतरलेला होता. दंडाला हात लावला की कळ यायची, अंग कुणी मोगरीनं बडवल्यासारखं होतं, पण भूक अशी लागली होती की त्यानं अनिसाकडून आम्लेट करून घेतलं, आणि मग दुसरं.

दुसरं आम्लेट तोंडात असताना दारावर हलकी टकटक झाली. पलीकडच्या गल्लीतला तौहीद टेलर डोक्यावर टोपी घालून, मान खाली घालून उभा होता. अनिसानं दार उघडताच तो हळू आवाजात म्हणाला, "भाभी, सबर करा. वेळ काय ठरली?"

"कसली वेळ?"

"मय्यतीची. स्पीकरवर काही ऐलान झालं नाही, म्हणून विचारायला आलो."

"कोण गेलं रे?" आतून करीम भरल्या तोंडानं ओरडला.

तौहीदनं दाराची चौकट धरली. त्याचा रंगच उतरला. करीम बाहेर आला, त्याला धरून खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं. सगळी हकीकत कळल्यावर करीमला हसू आवरेना. "अरे, ऐलान करणाराच मी. मी गेलो तर ऐलान कोण करणार? बरोबर आहे तुझं. तुम्हाला कळणारच कसं?"

तौहीद गेला, पण जाता जाता म्हणाला, "तुमचं ऐकून मी आणि माझे दोन्ही भाऊ आज लस घेणार होतो. रात्री अम्मीनं कसम घातली. जायचं नाही म्हणाली."



दुपारी रेश्मा सिस्टर स्वतः घरी आल्या. त्यांनी त्याचा ताप बघितला, दंड बघितला, सूज किरकोळ आहे म्हणाल्या. मग खुर्चीवर टेकल्या आणि मास्क जरा सारखा केला. रोज दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजलेले दिसत होते.

"आज केंद्रात कुणी नाही, करीमभाई," त्या म्हणाल्या. "आले त्यातले निम्मे तुमचं कसं आहे हे विचारायला आले होते. कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. माणसंच नाहीत तर फोडू कशी?"

करीमनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं केला.

"तुम्हाला बोलत नाही मी. ताप येणारच होता, तो आला. पण लोक मला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात. काही होत नाही म्हणालात, ते त्यांनी ऐकलं. मरतो म्हणालात, तेही ऐकलं. दोन्ही खरं नव्हतं."

त्या गेल्यावर करीमनं पलंगावरची रजई घडी करायला घेतली. एप्रिल महिना त्याच्या डोळ्यांपुढं आला. त्या महिन्यात मशिदीच्या माईकवर त्याला इतक्यांदा जावं लागलं होतं की शेवटी शेवटी लोक माईकची खरखर ऐकली तरी कानावर हात ठेवायचे. एका सकाळी त्याला आसिफचं नाव घ्यावं लागलं, त्याच्या सख्ख्या मावसभावाचं. ट्रक चालवणारा, हसतमुख माणूस. लस घे म्हटलं की म्हणायचा, पुढच्या खेपेहून आलो की घेतो. तसलं नाव पुन्हा घ्यायला लागू नये, म्हणून तर करीमनं कागद खिशात घालून मुंगी काढली होती. आणि तीच मुंगी आता हत्ती होऊन गल्लीत बसली होती.

"मी काय सांगू आता लोकांना?" त्यानं अनिसाला विचारलं.

"झालं ते सांगा," ती म्हणाली. "त्याला काय कागद लागतो?"

"हसतील."

"आजवर काय करत होते?"

दुसऱ्या दिवशी करीमनं राजशेखरला बोलावून घेतलं. रिक्षा गल्लीत शिरली तशी माणसं दारात आली. काहींना अजून तो जिवंत असल्याची खात्री करून घ्यायची होती. बजाबाईच्या गाडीसमोर रिक्षा थांबली. करीमनं माईक हातात घेतला.

"भाऊ-बहिणींनो, मी करीम," तो म्हणाला. "मी मेलेलो नाही."

कुणीतरी हसलं.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं. काही होत नाही म्हणालो. होतं. सुई मला कळलीसुद्धा नाही, ते खरं आहे, कारण मी डोळे मिटून बायकोची बोटं मोडत होतो. पण संध्याकाळी मला अशी थंडी भरली की ह्या उन्हात चादर, रजई आणि पोरीचा स्वेटर घालून झोपलो. ताप आला. अंग दुखलं. मी अम्मा-अम्मा करून रडलो. कर्णे कुणाला द्यायचे तेही सांगून ठेवलं. सकाळी उठलो आणि दोन आम्लेटं खाल्ली."

आता सगळी गल्ली हसत होती. करीमला बरं वाटलं. हसणाऱ्या माणसाला घाबरलेल्या माणसापेक्षा जास्त ऐकू येतं, हे त्याला धंद्यातनं ठाऊक होतं.

"सिस्टरांनी मला आराम कर म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, दंड दाखवत हिंडलो. तुम्ही तसं करू नका. ताप येईल, नाहीतर नाही येणार. आला तर गोळी घ्या, पाणी प्या, पडून राहा. एक-दोन दिवसांत जातो. नाही गेला, दम लागला, तर केंद्रात जा. आणि माझ्या बायकोनं माझ्याबरोबरच घेतली. तिचा दंड दुखत होता, डोकं दुखत होतं, तरी तिनं चपात्या केल्या आणि माझं मृत्युपत्रही ऐकून घेतलं."

"रडला, हे खरं का?" बजाबाईनं विचारलं.

"खरं, मावशी."

"किती?"

"बराच वेळ."

बजाबाईनं तागडं खाली ठेवलं. "मंग ह्यो मानूस आता खरं बोलाय लागला," ती शेजारणीला म्हणाली.

पुढल्या सकाळी बजाबाई लुगड्याचा पदर खोचून केंद्रात गेली. तिच्या मागं तिची गल्ली गेली. सगळी नाही, पण बरीच. तौहीदचे भाऊ गेले, तौहीद अम्मीचं मन वळवून चार दिवसांनी गेला. काही घरांची दारं उघडलीच नाहीत, आणि ती करीमनं कितीही कर्णे वाजवले तरी उघडणार नव्हती. केंद्रातल्या एका साहेबांनी पुकाऱ्यात तापाचं नाव कशाला घेता, लोक बिचकतील, अशी तक्रार केली. रेश्मा सिस्टर त्यांना म्हणाल्या, "साहेब, बाहेर ओळ बघा," आणि पुढचा दंड पुसायला घेतला.

पण करीमची सुटका झाली नाही. लस घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी बजाबाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला ताप न्हाय आला," ती म्हणाली.

"बरं झालं की, मावशी."

"बरं कशाचं? मी दोन दीस गाडी लावली न्हाय. सुनेला सांगून गोधडी काडून ठेवली. काय न्हाय झालं. दंडबी दुकंना. मला नुसतं पानी टोचलं का काय त्या बाईनं?"

करीमनं सिस्टरांना फोन लावला आणि तो बजाबाईच्या कानाशी धरला. सिस्टरांनी सांगितलं, ताप आला तरी लस काम करते, नाही आला तरी करते. माणसामाणसाचा पिंड वेगळा. बजाबाईनं ऐकून घेतलं, फोन परत दिला आणि म्हणाली, "तुमाला एवढा आला, मला उलीसा बी न्हाय. शेतात राबलेलं शरीर हाय हे. तुमी काय, बसून बोलनारी मानसं." ही गोष्ट तिनं पुढं महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली, आणि करीमला पुकाऱ्यात आणखी एक वाक्य घालावं लागलं.

दुसरा डोस आला तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. करीमनं ह्या खेपेला पूर्ण तयारी केली. राजशेखरला सुट्टी दिली. पलंगावर चादर, रजई मांडून ठेवली, गोळ्या, तांब्या, थर्मामीटर हाताशी घेतला. लस घेऊन आला तो सरळ पलंगावर आडवा झाला आणि थंडीची वाट बघू लागला. संध्याकाळ झाली. थंडी आली नाही. त्यानं स्वतःच थर्मामीटर लावून बघितला, झटकला, पुन्हा लावला. काही नव्हतं. त्याला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं.

"अनिसा," त्यानं हाक मारली, "जरा चहा टाकतेस का? पडून पडून कंटाळा आला."

उत्तर आलं नाही. तो उठून आत गेला. अनिसा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. ओढणी घट्ट लपेटलेली, गुडघे पोटाशी. त्यानं कपाळाला हात लावला आणि एकदम मागं घेतला.

"अगं, केव्हापासून?"

"दुपारपासून."

"मग हाक मारायची नाही का?"

"तुम्ही पलंगावर होता," ती म्हणाली. "म्हटलं, तुमचा येऊ दे आधी."

करीमनं तिला उठवलं, पलंगावर आणलं, स्वतःसाठी मांडलेली चादर तिच्या अंगावर घातली. गोळी द्यायची तर पोटात काही हवं, म्हणून त्यानं दूध गरम करायला ठेवलं आणि ते उतू जाऊ दिलं. उरलेल्या दुधात पाव बुडवून तिला भरवला. गोळी दिली. पाण्याची पट्टी कपाळावर ठेवली. ती इतकी ओली होती की पाणी कानात गेलं. मग खुर्ची ओढून तो तिच्याजवळ बसला आणि समजावू लागला. घाबरायचं नाही, हा ताप येतोच, शरीर त्याचं काम करतंय, एक-दोन दिवसांत उतरतो, दम लागला तर मात्र सांगायचं, आणि पाणी भरपूर प्यायचं, आणि मला तर पहिल्या वेळी इतका आला होता की...

अनिसानं एक डोळा उघडला.

"जरा गप्प बसता का?" ती म्हणाली. "डोकं दुखतंय."

करीम गप्प बसला. पट्टी बदलली, ह्या वेळी नीट पिळून.